सावलीच्या मापाने इजिप्त

निघण्याआधी

वाळवंटी देशात फिरायला जायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी बॅगा निघतात. माझ्या मते आधी घड्याळ काढावं. काय न्यायचं याची यादी कुठेही मिळते. दिवसातले कोणते तास उन्हात घालवायचे आणि कोणते नाही, हे मात्र आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि सगळी सहल त्यावरच उभी असते.

आम्ही तिघी होतो: आई, मावशी आणि मी. आईने पंचाहत्तरी ओलांडलेली, तिला रक्तदाबाच्या गोळ्या. मावशी तिच्याहून धाकटी, पण तिला रोजचं इन्सुलिन, आणि हिवाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. इजिप्तला जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला, पण डोळ्यामुळे तो हातचा गेला आणि एप्रिल उरला. एप्रिलमध्ये कैरोत दुपार सुसह्य असते. दक्षिणेला लक्सर आणि अस्वानला पारा सहज पस्तिशीच्या पुढे जातो.

तयार सहलींची वेळापत्रकं चाळली. नाश्ता करून नऊला निघणं आणि बाराच्या ठोक्याला एखाद्या उघड्या मंदिरात पोचणं, हा त्यातला ठरलेला क्रम. तो आम्ही घेतला नाही. आमचा नियम एकच होता: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की छपराखाली जायचं. सावली उंचीइतकी असते तेव्हा सूर्य ४५ अंशांवर असतो. त्याच्या वर गेला की उन्हाचा मारा झपाट्याने वाढतो. एप्रिलमध्ये लक्सरला ही वेळ सकाळी पावणेनऊच्या सुमारास येते आणि दुपारी तीनच्या आसपास सावली पुन्हा आपल्याएवढी होते. म्हणजे उघड्यावरचं सगळं पहाटे आणि तीननंतर. मधले तास वस्तुसंग्रहालय, प्रवास किंवा झोप. ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर हा हिशेब तंतोतंत पाळावा. तरुणांनी पाळला तर त्यांनाही संध्याकाळ हाती लागते.

मग डॉक्टर. हे काम निघण्याच्या महिनाभर आधी उरकावं. आईच्या गोळ्यांपैकी एक लघवी वाढवणारी होती. अशा औषधाने कडक उन्हात शरीरातलं पाणी आणि क्षार लवकर कमी होतात. डॉक्टरांनी मात्रा आणि वेळ बदलून दिली, आणि ओआरएस किती घ्यायचं तेही लिहून दिलं. मावशीला साखरेचा हिशेब वेगळा सांगितला. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणं किंवा मिठाचं पाणी भरमसाट पिणं, दोन्ही धोक्याचं.

औषधांची दुसरी बाजू कायद्याची आहे. आपल्याकडे काही वेदनाशामक गोळ्यांमध्ये ट्रामाडॉल असतं. इजिप्तमध्ये त्यावर कडक निर्बंध आहेत. २०१७ मध्ये अशा गोळ्या घेऊन आलेल्या एका ब्रिटिश पर्यटक महिलेला तीन वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली होती. गोळ्यांच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा, प्रत्येक औषध मूळ पाकिटात ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या. ड्रोन घरीच ठेवा. तो विमानतळावरच अडकतो.

इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. उन्हासाठी आम्ही पाण्यात भिजवायची थंड पिशवी घेतली. तिच्यात बर्फ नसतो, वीज लागत नाही. कापडातलं पाणी उडत राहतं आणि आतली कुपी गार राहते. हवा जितकी कोरडी तितकी ती चांगली चालते, त्यामुळे वाळवंटासाठी याहून सोयीची वस्तू नाही.

कपड्यांबद्दल थोडक्यात: अंग उघडं टाकण्यापेक्षा झाकलेलं बरं. सैल, पूर्ण बाह्यांचे सुती किंवा लिननचे कपडे, मानेवर येईल अशी रुंद काठाची टोपी, एक मोठी ओढणी. ओढणी मशिदीत डोक्यावर, धुळीत नाकावर, गाडीच्या एसीत खांद्यावर, आणि गरज पडली तर ओली करून मानेवर येते. बूट आधीपासून वापरातले, बंद. वाळू सँडलमध्ये शिरते आणि तापलेली असते. मावशीला बाजूने बंद असलेला गॉगल घेतला. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वरचं, दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. ओठांना मलम, आणि नाकपुड्यांना आतून लावायला थोडं व्हॅसलिन. कोरड्या हवेत नाकातून रक्त येणं सर्रास घडतं.

शनिवार, कैरो

दुपारी उतरलो. आपल्यापेक्षा तिथलं घड्याळ साडेतीन तास मागे (एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारपासून उन्हाळी वेळ लागते, मग अडीच). याचा फायदा असा की पहिले काही दिवस पहाटे चारला आपोआप जाग येते. आम्ही ती सवय मोडलीच नाही. रात्री नऊला दिवे बंद.

विमानतळावरच सिमकार्ड घेतलं आणि पैसे काढले. चलन इजिप्शियन पाउंड. पिरॅमिडसारख्या मोठ्या स्थळांच्या तिकीटखिडकीवर रोख चालत नाही, कार्ड लागतं, म्हणून दोन वेगवेगळी कार्डं ठेवावीत. याउलट स्वच्छतागृह, हमाल, नावाडी, दार उघडणारा रखवालदार यांच्यासाठी पाच, दहा, वीस पाउंडांच्या सुट्ट्या नोटा सतत लागतात. बक्षीस तिथल्या रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. थोडं, लगेच आणि हसून द्यावं. पाणी भरपूर प्यायचं तर स्वच्छतागृह वारंवार लागणार. सुट्टे नाहीत म्हणून बायका पाणीच कमी पितात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. उन्हात ते फार महागात पडतं. हॉटेलच्या काउंटरवर दोनशेच्या नोटा मोडून घेतल्या आणि तिघींच्या पाकिटांत वाटून टाकल्या.

संध्याकाळी खोलीत बसून अरबी अंक पाठ केले. गाडीची पाटी, फलाटाचा क्रमांक, दुकानातली किंमत बऱ्याचदा फक्त त्यांतच लिहिलेली असते. शून्य म्हणजे नुसता टिंब, पाच म्हणजे गोल, सात इंग्रजी व्हीसारखा, आठ उलटा व्ही, आणि सहा दिसतो इंग्रजी सातसारखा. अर्ध्या तासात येतात. मावशी दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचायला लागली.

आपल्या चार्जरची पिन तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. दोन गोल पिनांचा युरोपी अडॉप्टर लागतो. व्होल्टेज आपल्यासारखंच.

रविवार, गीझा

फाटक उघडायच्या आधी रांगेत होतो. आत आता विजेवर चालणाऱ्या बस फिरतात, त्यामुळे एका पिरॅमिडपासून दुसऱ्यापर्यंत वाळूतून चालावं लागत नाही. आईला याचा फार आधार झाला.

खुफूचा पिरॅमिड पहिल्यांदा समोर आला तेव्हा आई काही बोलली नाही, फक्त माझा दंड धरून उभी राहिली. मूळ उंची सुमारे १४६ मीटर, आजची १३८ च्या आसपास; वय साडेचार हजार वर्षांहून जास्त. खालच्या थरातले दगड आईच्या खांद्यापर्यंत येत होते. तिने एकावर तळहात टेकला. तो सावलीतला दगड सकाळी आठला अजून रात्रीचा गारवा धरून होता.

पिरॅमिडची सावली हा आमचा सकाळचा मुक्काम. सूर्य पूर्वेला, सावली पश्चिमेला, तिथे या दोघींना घडीच्या स्टुलांवर बसवलं. हे स्टूल हलके असतात, बॅगेत मावतात, आणि अशा ठिकाणी बसायला दुसरं काही नसतं. पिरॅमिडच्या बाजू सुमारे ५२ अंशांच्या उताराच्या आहेत. एप्रिलच्या दुपारी सूर्य त्याहून कितीतरी वर असतो, त्यामुळे चारही बाजूंवर ऊन पडतं आणि एवढ्या प्रचंड वास्तूला बसण्याजोगी सावली उरत नाही. साडेदहा-अकरानंतर येणाऱ्यांना ती कुठेच सापडत नाही.

आत मी एकटीच गेले. चढती वाट जेमतेम सव्वा मीटर उंच, कंबरेत वाकून जावं लागतं. मग उंच छताचा चढता मोठा मार्ग (ग्रँड गॅलरी), आणि शेवटी लाल ग्रॅनाइटचं दालन. तो ग्रॅनाइट अस्वानहून नाईलमधून आणलेला. आत गारवा असेल असं बाहेरून वाटतं, पण माणसांच्या श्वासाने हवा उबदार आणि दमट झालेली असते आणि मी भिजून बाहेर आले. गुडघे, हृदय किंवा दम यांचा त्रास असणाऱ्यांनी आत जाऊ नये. बाहेरून जे दिसतं त्यातच पिरॅमिडचा खरा मोठेपणा आहे.

सावली आखूड झाली तसे आम्ही जवळच्या नव्या भव्य वस्तुसंग्रहालयात शिरलो. ते ४ नोव्हेंबर २०२५ ला सर्वांसाठी पूर्ण खुलं झालं. १९२२ मध्ये याच तारखेला पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरच्या माणसांना तुतनखामेन राजाच्या थडग्याची पहिली पायरी सापडली होती. त्या थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू इथे पहिल्यांदाच एकत्र मांडल्या आहेत. सोन्याचा मुखवटा सगळे पाहतात. मावशी मात्र राजाच्या सपाता, हातमोजे आणि तागाची वस्त्रं यांच्यापाशी रेंगाळली. पूर्ण दुपार थंड हवेत गेली. तिकीट वेळेप्रमाणे मिळतं, ते आधी ऑनलाइन काढावं आणि मुद्दाम दुपारचं काढावं.

सोमवार, कैरो

पहाटे खिडकी उघडली तर आकाश पिवळं. खमसीन. मार्च ते मे या काळात भूमध्य समुद्राच्या काठाने कमी दाबाचे पट्टे पूर्वेला सरकतात आणि दक्षिणेकडची तापलेली, धुळीने भरलेली हवा ओढून आणतात. काही तासांत तापमान दहा अंशांनी चढू शकतं. सक्काराचा बेत होता. तिथला जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड उघड्या पठारावर आहे. तो बेत तिथेच सोडला. एप्रिलमध्ये येणाऱ्यांनी कैरोत एक दिवस असा राखीव ठेवावाच.

खमसीनमध्ये कॉन्टॅक्ट लेन्स घालू नयेत. मावशीने गॉगल आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब, आईने ओढणी नाकावरून बांधली. फोन आणि कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत; धूळ चार्जिंगच्या खाचेत बसली की निघत नाही.

दिवस आम्ही जुन्या कैरोच्या भिंतींआड काढला, आणि उष्ण देशात माणसं शेकडो वर्षं कशी राहिली ते तिथे कळलं. मुइझ रस्त्यालगतच्या एका गल्लीत बैत अल-सुहैमी हा सतराव्या शतकातला वाडा आहे. मध्ये चौक, चौकात झाडं. खिडक्यांना लाकडी जाळ्या, ज्यांतून वारा येतो आणि ऊन गाळलं जातं. छतावर उत्तरेकडे तोंड केलेला वातझरोका आहे, कारण कैरोला गार वारा उत्तरेकडून येतो. तो वरचा वारा पकडून खालच्या दालनात सोडतो. आम्ही त्याच्याखालच्या दगडी ओट्यावर बसलो होतो. बाहेर धुळीची भट्टी आणि इथे मानेवर वाऱ्याची मंद झुळूक. जुन्या घरांत अशा जाळीच्या खिडकीत मातीची भांडी ठेवून पाणी गार करत. मावशीने आपली इन्सुलिनची ओली पिशवी वर धरून दाखवली: तत्त्व तेच.

दुपारी सुलतान हसनची मशीद. १३५६ मध्ये बांधायला घेतलेली, दगडी भिंती एवढ्या जाड की आत आवाज आणि उष्णता दोन्ही पोचत नाहीत. बूट हातात, डोक्यावर ओढणी. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी मशिदी बघायला जाऊ नये.

जेवायला कोशरी: भात, मसूर, मॅकरोनी, वर हरभरे आणि तळलेला कांदा. शाकाहारी माणसाचं इजिप्तमध्ये काही अडत नाही. एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या. तिथले फूल आणि तामिया हे दोन लोकप्रिय पदार्थ बाकल्याच्या (फावा बीन्स) दाण्यांचे असतात. जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या रक्तपेशी या दाण्यांनी फुटू शकतात. घरात कुणाला ती असेल तर हे पदार्थ टाळावेत. पाणी फक्त सीलबंद बाटलीचं.

मंगळवार, लक्सर

तासाभराचं विमान. दुपार झोपेत. चारला कर्नाकचं मंदिर. स्तंभदालनातले १३४ खांब उतरत्या उन्हात लांब सावल्या टाकतात आणि त्या सावल्यांच्या पट्ट्यांतून चालत पूर्ण दालन पाहता येतं. खांबांवरची कोरीव चित्रंसुद्धा तिरप्या उजेडातच उठून दिसतात. भर दुपारी ती सपाट होऊन जातात. रात्री दिव्यांच्या उजेडात लक्सर मंदिर. दोन मंदिरांना जोडणारा स्फिंक्सांचा पावणेतीन किलोमीटरचा मार्ग नोव्हेंबर २०२१ मध्ये खुला झाला. आम्ही त्याचा थोडासा तुकडा चाललो.

झोपायच्या आधी दुसऱ्या दिवसाचं पाणी भरलं. माणशी दीड लिटरच्या दोन बाटल्या, त्यातली एक हॉटेलच्या फ्रीजमध्ये अर्धी गोठवलेली. नाईलच्या काठावर फिरा, होडीत बसा, पण पाण्यात पाय सोडून बसू नका. गोगलगायींमधून पसरणारा बिल्हार्झिया या रोगाचा जंतू त्वचेतून आत शिरतो.

बुधवार, राजांची दरी

सकाळी सहाला दरीच्या फाटकावर. नदीकाठावरून उडालेले गरम हवेचे प्रवासी फुगे वर तरंगत होते. ही दरी म्हणजे चुनखडीच्या डोंगरांनी तिन्ही बाजूंनी वेढलेला खोलगट भाग. झाड नाही, गवताचं पातं नाही. फिकट दगड वरचं ऊन अंगावर परत फेकतात. टोपी वरच्या उन्हापासून वाचवते, खालून येणाऱ्यापासून नाही. म्हणून इथे हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही सनस्क्रीन लावावं.

साध्या तिकिटावर तीन थडगी पाहता येतात. तुतनखामेन आणि पहिला सेती यांची तिकिटं वेगळी. आम्ही चौथ्या रामसेसचं आधी घेतलं, कारण तिथली वाट जवळजवळ सपाट आहे आणि आईला चालता येते. सहाव्या रामसेसच्या थडग्याचं वेगळं तिकीट मी काढलं. छतावर आकाशदेवी नूत दोनदा, पाठीला पाठ लावून. ती संध्याकाळी सूर्य गिळते आणि पहाटे पुन्हा जन्म देते. निळ्या छतावरच्या पिवळ्या आकृती तीन हजार वर्षांनंतर इतक्या ताज्या राहिल्या त्या या कोरड्या हवेमुळे. आमच्या श्वासातला आणि घामातला ओलावा त्याच रंगांचा शत्रू आहे. भिंतीला हात लावू नका, फ्लॅश वापरू नका आणि आत रेंगाळून गप्पा मारू नका, एवढं प्रत्येकाला जमण्यासारखं आहे.

बाहेर आलो तेव्हा आठ वाजून गेले होते. विश्रांतीच्या छपराखाली दुसऱ्या गटातल्या एक बाई बाकावर बसलेल्या, साठीच्या असाव्यात. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, हात गार, आणि "मळमळतंय" म्हणत होत्या. सकाळपासून त्यांनी फक्त कॉफी घेतली होती. आमची गाइड लक्सरचीच, तिने एका क्षणाचाही वेळ घालवला नाही. त्यांना आडवं केलं, पाय पिशवीवर उंच ठेवले, बुटांचे बंद सैल केले. माझी ओढणी भिजवून मानेवर आणि काखेत लावली, आईने टोपीने वारा घातला. ओआरएसचं पाकीट बाटलीत घोळून घोटघोट पाजलं, गटागटा नाही. गाइड त्यांना सारखे प्रश्न विचारत होती: नाव काय, कुठून आलात, आज कुठला वार. मला वाटलं ती त्यांचं मन रमवते आहे. नंतर तिने सांगितलं, ती त्यांचं भान तपासत होती. उत्तरं बरोबर येताहेत, घाम येतोय, तोवर हा उन्हाचा थकवा. बोलणं असंबद्ध झालं, तोल गेला, अंग भाजल्यासारखं तापलं, की तो उष्माघात. मग तोंडाने काही पाजायचं नाही, मिळेल त्या पाण्याने अंग थंड करत राहायचं आणि त्याच मिनिटाला रुग्णवाहिका बोलवायची. इजिप्तमध्ये तिचा क्रमांक १२३. अर्ध्या तासात बाईंच्या चेहऱ्यावर रंग आला.

कोरड्या हवेची फसगत हीच. दमट हवेत घाम अंगावर दिसतो, निथळतो, आपण पाणी मागतो. इथे तो सुटताक्षणी उडून जातो, कपडे कोरडेच राहतात, आणि तहान लागेपर्यंत शरीर बरंच मागे पडलेलं असतं. आमचा नियम: दर वीस मिनिटांनी चार घोट, आणि दोन-तीन तासांनी काहीतरी खारट तोंडात. नुसतं पाणीच लिटरवारी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, तेही वाईट. लघवीचा रंग फिकट राहिला पाहिजे, ही सर्वांत खात्रीची खूण. ती विचारायला लाजू नये. आई आणि मावशीला मी रोज दुपारी विचारत होते.

हातशेपसूत राणीचं मंदिर कड्याच्या पायथ्याशी, पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणजे सकाळचं सगळं ऊन थेट त्याच्यावर. आम्ही ते दुपारी साडेतीननंतर पाहिलं. तोवर सूर्य कड्यामागे सरकायला लागतो आणि वरच्या सज्ज्यांवर सावली येऊ लागते.

गुरुवार, अस्वानच्या वाटेवर

गाडीने दक्षिणेला. वाटेत एडफूचं होरस देवाचं मंदिर, इसवी सनापूर्वी २३७ मध्ये सुरू होऊन इसवी सनापूर्वीच ५७ मध्ये पूर्ण झालेलं. वाळू आणि गाळ इतका साचला होता की गावातली घरं छपरावर उभी राहिली होती; १८६० मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ऑगुस्त मारिएतने ते मोकळं करायला घेतलं. ज्या वाळूपासून आपण डोळे वाचवतो, तिनेच ही भिंतचित्रं वाचवली.

बंद गाडीत पॉवरबँक, फोन, औषधं, सनस्क्रीन यांतलं काहीही ठेवून उतरू नये. उभ्या गाडीत काही मिनिटांत भट्टी होते. फोन तापून बंद पडला तर सावलीत ठेवावा, कव्हर काढावं. फ्रीजमध्ये नाही, आत पाणी सुटतं.

शुक्रवार, अस्वान

सकाळी होडीने फिले. धरणाच्या पाण्यात बुडत चाललेलं हे मंदिर १९७२ ते १९८० या काळात शेजारच्या अगिल्किया बेटावर दगडान् दगड हलवून उभारलं. चहूबाजूंनी पाणी, त्यामुळे वारा होता, आणि वारा असताना ऊन जाणवत नाही. तिथेच माणसं सर्वांत जास्त भाजतात. लाइफजॅकेट मागून घेतली.

अस्वान कर्कवृत्ताच्या अगदी जवळ. बावीसशे वर्षांपूर्वी एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इथल्या दुपारच्या सूर्यावरून पृथ्वीचा परीघ मोजला: उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी इथे सूर्य बरोबर डोक्यावर, आणि त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात काठीला सावली. बारा वाजता हॉटेलच्या गच्चीवर जाऊन आम्ही आपल्या सावल्या पाहिल्या. आईची सावली तिच्या पायांपासून जेमतेम एक फूट. पाहिली आणि लगेच आत आलो. दुपारभर करकदे, जास्वंदीच्या कुळातल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं गार लाल सरबत, मावशीसाठी बिनसाखरेचं.

शनिवार, अबू सिंबेल

पहाटे चारला निघालो. पावणेतीनशे किलोमीटरचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना वाळवंट. वाटेत तपासनाके, म्हणून पासपोर्ट जवळ. वाळवंटातली पहाट एप्रिलमध्येही गार असते आणि बसचा एसी त्यात भर घालतो. तिघींनी शाली पांघरल्या. न्याहारीचे डबे हॉटेलने रात्रीच दिले होते. मावशीचं इन्सुलिन आणि खाणं यांची वेळ जुळवायची तर डबा बसमध्ये हाताशी हवा, डिकीत नाही. वाटेत हॉटेलं नाहीत.

साडेसातला मंदिराच्या दाराशी चार रामसेस समोर, दुसऱ्या रामसेस राजाचे दगडी पुतळे, प्रत्येक सुमारे २० मीटर उंच, तोंडावर कोवळं ऊन. १९६४ ते १९६८ मध्ये अस्वान धरणामागच्या नासेर सरोवराचं पाणी चढत असताना डोंगरात कोरलेलं हे अख्खं मंदिर तुकड्यातुकड्यांनी कापून ६५ मीटर वर नेलं आणि पुन्हा जुळवलं. मी सांधे शोधत होते. जवळ गेल्यावरच दिसतात. मंदिराचं तोंड असं साधलं आहे की २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला पहाटेचे किरण सरळ गाभाऱ्यापर्यंत जातात. तिथे चार मूर्ती बसल्या आहेत. तिघांवर प्रकाश पडतो, पाताळाशी नातं असलेला प्ताह अंधारातच राहतो. त्या तारखांना फार गर्दी असते, शांतपणे पाहायचं तर त्या टाळाव्यात. आई गाभाऱ्यासमोर बराच वेळ हात जोडून उभी होती.

सव्वानऊला परत फिरलो. प्रांगणात सावली नाही, आणि आमच्या सावल्या आखूड व्हायला लागल्या होत्या. परतीच्या वाटेवर क्षितिजाशी मृगजळाची तळी चमकत होती. पडदे ओढून तिघीही झोपलो.

हॉटेलवर आवराआवर करताना ओआरएसची बरीच पाकिटं उरलेली दिसली. खालच्या मजल्यावर एक कुटुंब उतरलं होतं, दोन लहान मुलं आणि आजोबा, त्यांची दुसऱ्या दिवशीची अबू सिंबेलची गाडी चारची होती. पाकिटं त्यांना दिली, घडीचे स्टूलही दिले, आणि पाण्याच्या बाटल्या आत्ताच फ्रीजमध्ये टाकायला सांगितल्या.